विशाखाताईंची ओळखपरेड

विशाखाताई तांबे यांनी आणि मी एकाच उपकेंद्रात नऊ वर्षं काम केलं. पहिल्या आठवड्यातच मी त्यांच्याबद्दल एक मत बनवून टाकलं होतं. ते चुकीचं आहे हे कळायला पुढे तीन वर्षं गेली. मत असं, की बाई गर्विष्ठ आहे.

त्याला कारणही घडलं होतं. मी आरोग्यसेवक म्हणून कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून असलेल्या त्या दोन खोल्यांच्या उपकेंद्रात रुजू झालो. ताई तिथल्या नर्स. आठवडाभर त्यांनी मला सगळं दाखवलं. कुठली वाडी कुठे, कुठल्या झऱ्याचं पाणी प्यायचं नाही, कुणाच्या अंगणात कुत्रं चावरं आहे, रजिस्टरं कशी भरायची. दुपारी त्यांच्या डब्यातली सुकटीची चटणी माझ्या भाकरीवर आली. रविवारी मी महाडच्या बाजारात भाजी घेत होतो तर समोरून ताई. मी हसलो, हात वर केला. त्यांनी माझ्याकडे चांगलं डोळे भरून बघितलं आणि बाजूने निघून गेल्या.

सोमवारी दारात मी ‘नमस्कार’ म्हणालो मात्र, त्या लगेच म्हणाल्या, “या उतेकर भाऊ, रविवार कसा गेला?”

मी मनात म्हटलं, आता विचारते. बाजारात ओळख दाखवायला हिला कमीपणा वाटत होता होय.

वाड्यांतल्या बायकांचंही तेच म्हणणं होतं. “सिस्टर कामाला सोनं हाय गो, पण वाटेत भेटली तर वळख देत नाय.” ताईंच्या कानावर हे जात असणारच. त्यांनी कधी खुलासा केला नाही.

त्यांच्या सवयी विचित्र होत्या. उपकेंद्राच्या दारात कुणी आलं की नाव घेऊन हाक मारणं नाही. मान वर करून म्हणायच्या, “बोला, बोला.” समोरच्या माणसाच्या तोंडून चार शब्द बाहेर पडले की मग मात्र त्या सुटायच्या. “काय रखमाबाई, गुडघा काय म्हणतो? मुंबईवाल्या मुलाचा फोन आला का? ती पिवळी गोळी घेतल्यावर जळजळतं म्हणाला होतात, थांबलं का?” मला वर्षभरातही पाठ झाला नसता एवढा तपशील त्यांना एकेका माणसाचा ठाऊक असे.

दुसरी सवय म्हणजे येईल त्याला चालायला लावायचं. “जरा त्या भिंतीपर्यंत जाऊन या.” एकदा एक म्हातारा वैतागून म्हणाला, “सिस्टर, माजा कान दुखतो. कानासाठी चालायचा कशाला?” ताई म्हणाल्या, “जा तर खरं.” म्हातारा लंगडत भिंतीपर्यंत गेला, लंगडत आला. ताईंनी त्याचं नाव घेऊन त्याच्या कानात थेंब घातले. नर्सिंगच्या कोर्समध्ये असं काही शिकवत असतील अशी मी माझी समजूत काढली.

कुणी नव्या चपला घेतल्या की त्यांना राग यायचा. “जुनीला काय झालं होतं?” असं तोडून विचारायच्या. शाळेत तपासणीला गेलो की सगळ्या मुली एका रंगाच्या गणवेशात, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिथून बाहेर पडताना ताईंच्या कपाळावर घाम असायचा. टीव्हीवरची एकही मालिका त्यांनी कधी बघितली नाही. “त्यात सगळ्या बायका सारख्याच असतात, नुसत्या साड्या बदलतात,” असं म्हणायच्या. मला तो विनोद वाटायचा.

एक दिवस त्या वाडीवर गेलेल्या असताना मी त्यांचं जुनं रजिस्टर उघडलं. समासात बारीक अक्षरात, शिसपेन्सिलीने, नावापुढे खुणा केलेल्या. ‘उजवा पाय फेकते.’ ‘हसण्याआधी श्वास आत घेते.’ ‘बांगड्या फक्त डाव्या हातात.’ ‘खोकल्यासारखा हसतो.’ पानं उलटत शेवटी आलो तर माझं नाव. पुढे लिहिलं होतं, ‘चप्पल घासतो. बोलण्याआधी नाक ओढतो.’

मला फार राग आला. त्या परतल्यावर मी रजिस्टर पुढे ठेवून विचारलं, हा काय प्रकार आहे? ताईंनी ते शांतपणे मिटलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणाल्या, “ते माझं माझ्यासाठी आहे.” एवढंच. त्या दिवसापासून मी बोलण्याआधी नाक ओढत नाही ना, याकडे लक्ष ठेवू लागलो.

तिसऱ्या वर्षी आम्हाला प्रशिक्षणासाठी अलिबागला बोलावलं. मनाच्या आजारांवर एक तरुण डॉक्टरीणबाई बोलत होत्या. जेवणानंतरची वेळ, निम्मं सभागृह पेंगत होतं. म्हणून की काय, शेवटी त्यांनी मेंदूच्या गमती सांगायला घेतल्या. कापलेल्या पायाला खाज सुटते, अशी माणसं असतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर कुणी ताटातली डावीकडची भाकरी जागेवरच ठेवून, पोट भरलं नाही अशी तक्रार करत उठतो. आणि काही जणांना जन्मापासून चेहराच ओळखता येत नाही. डोळे चांगले, बुद्धी चांगली, नाक दिसतं, ओठ दिसतात, भुवई दिसते. पण सगळं मिळून ‘हा अमुक’ असा शिक्का उमटत नाही. आईचाही नाही.

चहा आला. सगळे उठले. ताई खुर्चीत बसूनच राहिल्या.

परतीच्या जीपमध्ये कोलाड ओलांडलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, “उतेकर भाऊ, तुम्ही तुमच्या बायकोला गर्दीत कसं ओळखता?”

“कसं म्हणजे? बघून.”

“बघून म्हणजे काय बघून?”

“चेहरा.”

“चेहऱ्यात काय?”

लग्नाला बारा वर्षं झाली होती. बायकोचं नाक कसं आहे हे मला शब्दांत सांगता येईना. सरळ म्हणावं तर दहा जणींचं सरळ असतं.

“बघा,” ताई म्हणाल्या, “तुम्हाला पण माहीत नाही. तुमचं आपोआप होतं. मला वाटायचं, सगळे माझ्यासारखंच करत असतील. चाल पाठ करत असतील, आवाज पाठ करत असतील. बाकीचे हुशार, त्यांचं लवकर होतं, मी ढ. चव्वेचाळीस वर्षं मी स्वतःला ढ म्हणत आले.” मग खिडकीकडे तोंड करून अगदी हळू म्हणाल्या, “त्याला नाव हाय हो. नाव हाय त्याला.”

बाजारातला तो रविवार मला आठवला आणि मला माझीच लाज वाटली.

दासगाव आलं तसं त्यांनी सावित्री नदीच्या दिशेला बोट केलं. तिथल्या बौद्धवाडीत त्यांचं माहेर. सात वर्षांच्या असताना शाळा सुटल्यावर एका परक्या बाईचा हात धरून त्या पार नदीकाठापर्यंत गेल्या होत्या. साडी आईसारखी होती म्हणून. गावभर शोधाशोध झाली. सापडल्यावर आईने आधी मारलं, मग रडली. “आणि दुसऱ्या दिवसापासून आईने कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावला. आमच्या घराला कुलूप नव्हतं, भाऊ. कुणाकुणाकडून मोडक्या किल्ल्या मागून आणल्या होत्या. मरेपर्यंत ती खुळखुळत चालली. लोक हसायचे, घरात नाय दाणा आणि किल्ल्या बघा. तिने कधी मला विचारलं नाही, की तुला काय होतं. तिला कळलं होतं.”

महाडला उतरताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, हे कुणाला सांगायचं नाही. “मोठी माणसं बोलतात, चालतात. माझं काम बाळांचं. बाळ ना चालतं, ना बोलतं. नर्सला माणूस ओळखत नाही हे कळलं तर माझ्या हातात कोण पोर देईल?”

मग मी त्यांचं लसीकरण नीट बघू लागलो. कार्ड हातात घेऊन त्या आईला म्हणायच्या, “तुझं नाव सांग. बाळाला हाक मार.” आईच्या तोंडून दोन्ही नावं कार्डाबरहुकूम निघाल्याशिवाय सुई उचलायच्या नाहीत. इतरत्र घाईत बाळाच्या तोंडाकडे बघून काम उरकतात. ताईंची नजर कार्डावर, कान आईकडे. त्यांच्या वाड्यांत कधी एका बाळाची लस दुसऱ्याला गेली नाही.

मग करोना आला. सगळ्यांच्या तोंडावर फडकी चढली. सरपंच पोलीस पाटलाला ओळखेना, सासू सुनेला दुसरीच समजून रांगेतून बाजूला करी. मी रोज चुकीच्या नावाने हाका मारत होतो. ताई मात्र रांगेकडे एकदा नजर टाकून घडाघडा नावं घ्यायच्या. नाक-तोंड झाकलेल्या चाळीस माणसांत त्यांची एकही चूक होत नव्हती. बायका थक्क झाल्या. “सिस्टर, तुमाला कसा कलतो गो?” ताई नुसत्या हसल्या. संध्याकाळी हात धुताना मला म्हणाल्या, “आता सगळे माझ्या गावात राहायला आले, भाऊ.” इतक्या खुशीत मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मरणाची भीती होती, काम ढीगभर होतं, पण रस्त्यात कुणी ‘वळख देत नाय’ म्हणत नव्हतं.

त्यानंतर तीनेक वर्षांनी श्रावणात तो अपघात झाला.

ताई वरच्या वाडीचं लसीकरण आटोपून खांद्याला लसीचा डबा लावून खाली येत होत्या. भर दुपार, पाऊस उघडलेला, लख्ख ऊन. शाळेच्या वरच्या वळणावर बाबू आजा गवताचा भारा घेऊन पुढे चालला होता. मागून पांढरा पिकअप टेम्पो आला आणि आज्याला उडवून कडेला थांबला. ड्रायव्हर उतरून अगदी ताईंच्या समोर आला. म्हणाला, “मावशी, मी गाडी वळवून आणतो, यांना घालून नेऊ.” गाडीत बसला आणि गेला तो गेलाच. ताईंनी आज्याच्या डोक्याच्या मागच्या जखमेवर कापूस दाबला, मोडलेला पाय आपल्या छत्रीला पदराच्या पट्टीने बांधला आणि ओरडून माणसं गोळा केली. आजा महाडच्या दवाखान्यात चार दिवस बेशुद्ध होता.

पांढरे पिकअप आमच्या भागात बरेच. पण त्या दुपारी त्या रस्त्याने गेलेला माहितीतला एकच होता, खालच्या बौद्धवाडीतल्या संदेशचा. संदेशचं आणि आज्याचा मुलगा चंद्रकांत याचं शेतातल्या गाडीवाटेवरून महिनाभर आधी कडाक्याचं भांडण झालेलं. गावाने गणित सोडवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी हवालदाराने संदेशला पंचायतीच्या अंगणात उभं केलं आणि ताईंना बोलावणं धाडलं. मीही गेलो. अंगण माणसांनी भरलेलं.

“सिस्टर, तुम्ही अगदी समोर होतात,” हवालदार म्हणाला. “हाच ना? नुसतं हो म्हणा. बाकी आम्ही बघतो.”

संदेश पांढराफटक पडला होता. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा.

मी ताईंच्या कानाशी लागलो. “सांगा ना, घाईत नीट बघितलं नाही म्हणून. सुटाल.”

“बघितलं ना भाऊ,” त्या म्हणाल्या. “चांगलं बघितलं.” आणि एक पाऊल पुढे जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “त्या माणसाचा चेहरा मी बघितला. पण मला चेहरे ओळखता येत नाहीत. याचाच नाही, कुणाचाच नाही. जन्मापासून.”

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग मागे कुणीतरी हसलं. चंद्रकांत पुढे आला. “सिस्टर, काय बोलताय? सहा म्हयने आमच्या घरात येताय तुमी, बाबाची साखर बघायला. मला वळखत नाय?”

“ओळखते. चंद्रकांत. तू बोललास म्हणून.”

“आणि नसतो बोललो तर?”

“तर तू कोण ते मला कळलं नसतं,” ताई म्हणाल्या. आवाज जराही हलला नाही. “हवालदारसाहेब, आता या पोराला चालू द्या. आणि तो माणूस जे बोलला ते याच्याकडून बोलवून घ्या.”

हवालदाराने नाइलाजाने संदेशला अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. ताई त्याच्या पायांकडे बघत राहिल्या. मग डोळे मिटून म्हणाल्या, “आता बोल.” संदेश बोलला, “मावशी, मी गाडी वळवून आणतो.” तीनदा बोलला.

“हा नव्हे,” ताई म्हणाल्या. “तो टाच आपटून चालत होता, डावा खांदा पाडून. आणि तो मावशी नाही, माउशी म्हणाला होता.”

“चेहरा ओळखत नाही म्हणता आणि हा नव्हे म्हणता?” हवालदार भडकला. “असली साक्ष कोण धरील?”

गर्दीतून आवाज आला, “वाचवणारच. तिच्या जातीतलाच हाय ना.”

ताईंनी आवाजाच्या दिशेला मान वळवली. “कोण बोललं ते मी आवाजावरून ओळखलंय,” त्या म्हणाल्या. “गेल्या महिन्यात त्याच्या आईचे टाके मी काढले. नाव घेत नाही.” आणि त्या चालू लागल्या.

उपकेंद्रात आल्यावर माठातलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “उद्या वरच्या वाडीची गृहभेट आहे. रजिस्टर काढून ठेवा.”

खरी पंचाईत पुढे झाली. आजा शुद्धीवर आला आणि त्याने संदेशचंच नाव घेतलं. नुसतं नाव नाही. संदेश काचेतून बाहेर वाकला, आपल्याकडे बघून दात काढून हसला, मग गाडी घातली, असं सगळं सांगितलं. सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्याला बघायला गेलो होतो तेव्हा त्याने मलाही सांगितलं. मी परत येऊन ताईंना म्हणालो, “धडक मागून बसली. जखम मागे. हा पुढे बघत चाललेला. याने ड्रायव्हरला बघितलं कधी? म्हातारा धडधडीत खोटं बोलतोय.”

“खोटं नाही बोलत,” ताई म्हणाल्या. “चार दिवस उशाशी बसून सगळे एकच नाव घेतायत. कानातून आत गेलं, आत त्याचं चित्र झालं. आता त्याला दिसतोय तो. खरोखर दिसतोय.” मग म्हणाल्या, “मी बघितलं, माझ्यात राहिलं नाही. त्याने बघितलंच नाही, त्याच्यात जाऊन बसलं. आणि लोक त्याचं धरणार. त्यांचं तरी काय चुकलं? चेहरा दिसला म्हणणाऱ्यावर कोण अविश्वास दाखवेल?”

आठ दिवसांत चंद्रकांतच्या पुढाकाराने वर अर्ज गेला. ज्या नर्सला माणसं ओळखता येत नाहीत तिच्या हातात आमची मुलं देणार नाही. पुढच्या लसीकरणाला वाडीतून एकही बाई आली नाही. ताई सकाळपासून दुपारपर्यंत मांडलेल्या टेबलामागे बसून राहिल्या. वेळ संपल्यावर त्यांनी कुपी न कुपी मोजून परत डब्यात ठेवली.

मोठ्या डॉक्टरसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. माणूस चांगला होता. म्हणाले, “तांबे सिस्टर, गाजावाजा न होता बदली देतो. औषधभांडारात बसा. तिथे खोकी ओळखायची, माणसं नाहीत.”

“नको साहेब,” ताई म्हणाल्या. “मी आज गेले तर संदेशच्या बाबतीत पण खोटं बोलले असं होईल. तुम्ही पुढच्या लसीकरणाला या. माझी परीक्षा घ्या. बाळं अदलाबदल करून द्या माझ्यापुढे.”

साहेब आले. अंगणात बारा-पंधरा बायका लांब उभ्या होत्या. पोरं कडेवर, पण पुढे कुणी येईना. ताई टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि बायकांशी बायकांच्या बोलीत बोलल्या.

“बायांनो, तुमाला वाटायचा मी वळख देत नाय. मला वळखता येत नाय, म्हणून देत नव्हते. चेहरा दिसतो मला, पन ऱ्हात नाय. येवढी वर्षं तुमची पोरं मी कशी सांभाळली ते तुमालाच ठावं. नाव ऐकल्याबिगर कधी सुई लावली असंल तर आता सांगा.”

मग घोळक्यातून एक बाई निघाली. मनीषा, चंद्रकांतची बायको, आज्याची सून. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी. नवरा फाटकापाशी उभा होता, त्याच्या बाजूने ती त्याच्याकडे न बघता आली. “माज्या सासऱ्याचा पाय हिनं छत्रीला बांधला म्हनून ऱ्हायला,” ती मोठ्याने म्हणाली. “माजा प्वार मी हिच्याकडंच देनार. ज्याला नाय द्यायचा त्यानं देऊ नये.”

तिच्यामागून आणखी दोघी आल्या. साहेबांनी तिघींना आत नेऊन मुलांची अदलाबदल केली आणि हातातलं मूल आपलंच आहे असं दाखवायला बजावलं. पहिलीने कार्डावरचं नाव घेऊन हाक मारली. बाळ ढिम्म, भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिलं. “हे हिचं नाही,” ताई म्हणाल्या. “आईच्या हाकेला वळलं असतं.” दुसरीचं बाळ खांद्यावर घट्ट धरलेलं होतं, तरी ते दाराकडे झेपावत होतं. “हे पण नाही.” तिसरीचं पोर झोपलेलं. हाक मारली, पाय हलवला, उठेना. ताईंनी कार्ड बघितलं, बाईचा आवाज पुन्हा ऐकला.

“मला कळत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि कळत नाही तेव्हा मी सुई लावत नाही. हिच्या घरचं दुसरं कुणीतरी बोलवा.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “आम्हाला कळत नसलं तरी आम्ही लावून मोकळे होतो,” असं काहीसं पुटपुटले आणि अर्जाच्या कागदावर उभ्याउभ्या शेरा लिहिला. ताई तिथेच राहिल्या. त्या दिवशी सगळ्यांनी नाही, पण निम्म्या बायकांनी मुलं दिली. पुढच्या महिन्यात बाकीच्या आल्या.

आश्विनाच्या अखेरीस घाटापलीकडच्या एका गॅरेजात फुटलेल्या दिव्याचा पिकअप सापडला. ड्रायव्हर बाहेरचा, कोंबड्यांची खोकी पोचवायला आलेला. पोलिसांनी त्याला जागा दाखवायला आणला तेव्हा मी वळणावर होतो. गाडीतून उतरून तो टाच आपटत चालत गेला, डावा खांदा पाडून. हवालदाराने माझ्याकडे बघितलं आणि टोपी सारखी केली.

आज्याला हे सांगायला ताई स्वतः गेल्या, संदेशला बरोबर घेऊन. मीही होतो. आज्याने सगळं ऐकून घेतलं. मग संदेशला जवळ बोलावून त्याच्या दंडावर हात ठेवला. “डोले मिटले का तूच दिसतोस रे मला. अजून दिसतोस. मी काय करू?” तो म्हणाला. “पन तू नव्हतास असा सगले सांगतात. मंग नव्हतास. माज्या डोक्याचा मी खरा धरनार नाय.” संदेश तिथेच भुईवर बसला आणि रडला. चंद्रकांत दारात पाठमोरा उभा होता. पुढे आज्याला पट्टी बदलायला महाडला न्यायचं तेव्हा संदेशचाच पिकअप जायचा. हे जमवून आणलं ताईंनी. दोघांनाही ते फारसं आवडलेलं नव्हतं, पण ताईंनी आवडीचा प्रश्न काढलाच नाही.

तेव्हापासून त्या भागात एक रीत पडली. ताई वाटेत दिसल्या की लहानमोठं माणूस लांबूनच आपलं नाव सांगतं. “सिस्टर, मी तुळसा.” “सिस्टर, मी नाम्या, वरल्या वाडीचा.” ताई मान हलवून पुढे जातात. पाहुणा आलेला माणूस हे ऐकून चकित होतो.

गेल्या वर्षी माझी बदली महाडला झाली. मागच्या महिन्यात कळलं, की ताईंची मुलगी प्रज्ञा इथेच बाळंत झाली, मुलगी झाली. सकाळी कामावर जाता जाता मी दवाखान्यात डोकावलो. प्रज्ञा झोपली होती. तिची सासू आणि दोन नातेवाईक बायका पलंगाभोवती होत्या. ताई खिडकीशी स्टुलावर बसलेल्या, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मी नाव सांगितलं. त्यांनी मान न उचलता “या भाऊ” म्हटलं.

“या आजीवर गेलीय अगदी,” सासूबाई मला म्हणाल्या. “कपाळ, नाक, सगळं.”

“सकाळपासून सांगतायत सगळ्या,” ताई म्हणाल्या. “मला काय कळणार? पण असेल. सगळ्या म्हणतायत तर असेल.” त्या बाळाकडे बघत होत्या. बायकांच्या गप्पा चालू होत्या, चहा आला, गार झाला, त्या बघतच होत्या. मी विचारलं, “काय बघता एवढं?”

“समोर आहे तोवर दिसतो ना चेहरा,” त्या म्हणाल्या. “पूर्ण दिसतो. तुम्हाला दिसतो तेवढाच. बघून घेते.”

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहाला वरच्या वाडीचं लसीकरण होतं. बाळ सासूबाईंच्या मांडीवर दिलं, साडी सारखी केली, लसीचा डबा खांद्याला लावला आणि निघाल्या. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, परत आल्या. दुपट्याची कड बोटाने जरा खाली केली आणि पहिल्यांदाच बघावं तसं पुन्हा बघितलं.